तांब्याचं वायंडिंग

कोपरगाव,
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय आबा,

सविनय जयभीम.

शाळेत बाईंनी मोठ्यांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. तसं एकदा लिहूनही पाहिलं. पण वाटलं, तुम्ही ते वाचाल आणि कुणा दुसऱ्याचं पत्र चुकून आलंय म्हणून पोस्टमनला परत कराल. म्हणून 'प्रिय'. हे पत्र तुम्ही आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आत्याबाई, तुम्हालाही जयभीम. गुडघ्याला तेल लावता ना?

इथं माझी आई बरी आहे. कोपरगावात सगळीकडे उसाचा वास आहे. कारखाना जोरात चालू आहे आणि रस्त्यावर बैलगाड्यांची रांग संपता संपत नाही. काल आईबरोबर बाजारात गेले होते. स्टँडजवळच्या एका दुकानात वेल्डिंग चाललं होतं. सवयीनं त्या उजेडाकडून मान फिरवली, पण पाय तिथून हलेनात. नुसत्या आवाजावरून कळत होतं की करंट कमी ठेवलाय. तळणीत ओला बटाटा पडावा तसा तो आवाज सलग यायला हवा, आणि याचा अडखळत होता. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, कच्चं राहणार आहे त्याचं."

तुम्ही पाठवलेले पाहुणेही पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेले. त्याबद्दल शेवटी लिहिते. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वेल्डिंगचा, "तुम्ही हे शिकलात कशा?" मी सांगायला लागले आणि थांबेचना. तेव्हापासून तेच सगळं डोक्यात घोळतंय. तुम्हाला माहीत असलेलंच आहे, तरी लिहिते.

नवऱ्याचं नाव घ्यायला अजून जड जातं, पण आज घेते. सम्राट गेले, त्यानंतर आपल्या घरात बोलणंच संपलं होतं. तुम्ही सकाळी पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायचात, आत्याबाई चुलीपुढे, मी मागच्या खोलीत. जेवायला वाढताना 'आणखी हवं का' एवढंच. ते वेल्डिंग करायचे त्या नगरच्या एमआयडीसीतून त्यांचे दोस्त रंगनाथभाऊ आले, सम्राटच्या वस्तू घेऊन. कातडी हातमोजे, आणि वेल्डिंग करताना तोंडापुढे धरायची ती काळ्या काचेची ढाल. ती ढाल मांडीवर घेऊन तुम्ही किती दिवस दुकानात बसत होतात! गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं तरी तुमचं लक्ष नसायचं. स्वतःचं मशीन घेऊन शेवगावातच दुकान टाकायचं, हे त्यांनी तुमच्याशी बोलून ठेवलेलं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

मग एक दिवस तुम्ही दारातून म्हणालात, "चल पोरी, नगरला जायाचंय. मशीन घ्यायाचंय." मी विचारलं, "चालवणार कोण?" तुम्ही चप्पल घालता घालता म्हणालात, "तू. आन् मी. दोघांना बी येत न्हाई, म्हंजे भांडान व्हायाचं न्हाई." इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं. आणि हसल्याची लाज वाटली म्हणून मी पदर तोंडाला लावला. तुम्ही ते पाहिलं होतं का, आबा?

नगरमधल्या त्या दुकानांत आपण किती फिरलो! एकानं नवंकोरं निळं मशीन दाखवलं. किंमत आपल्या ऐपतीतली, चाकं लावलेलं, मला तर तेच आवडलं होतं. पण रंगनाथभाऊंनी बजावलं होतं की आतलं वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, तांब्याचं आहे का ते आधी विचारा. अॅल्युमिनियमचं असलं तर पहिल्या उन्हाळ्यातच जळेल. तुम्ही विचारलंत तर दुकानदार म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय करायचंय आतलं बघून?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सोयरीक जुळवताना घर आतून बघत्यात." मग तो हसला आणि त्यानंच मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं ते जुनं, पोचे आलेलं मशीन काढलं. तांब्याचं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं. रंग उडालेला, पण वायंडिंग एकदम चांगलं. चालवणार कोण म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. तो आधी हसला, मग तुमचा चेहरा बघून त्यानं रॉड धरायच्या होल्डरची वायर चार हात जास्त दिली.

एसटीच्या टपावर ते मशीन चढवताना कंडक्टरनं घातलेला गोंधळ आठवतोय ना?

रंगनाथभाऊंनी एका रविवारी येऊन आपल्याला सगळं समजावलं आणि ते गेले. त्यानंतर आपलं आपण. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवला की चिकटायचा. मशीन घूं घूं करायचं, गल्लीतले दिवे मंद व्हायचे आणि शेजारच्या रंगुबाई ओरडायच्या की त्यांच्या टीव्हीतली माणसं नाचायला लागली. मी घाबरून होल्डरच सोडून द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "दाबू नको. काडी वढल्यावानी वढ, आन् उचल." ज्या दिवशी रॉड पहिल्यांदा न चिकटता पेटून राहिला, त्या दिवशी केलेला जोड म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसा होता. तुम्ही वरची खपली हातोडीनं झाडलीत, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "धरलंय. दिसत न्हाई बरं, पन धरलंय."

माझी नायलॉनची साडी ठिणग्यांनी चाळणी झाली, तेव्हा आत्याबाईंनीच पेटीतून आपल्या लेकाचा, सम्राटचा, पूर्ण बाह्यांचा खाकी सुती शर्ट काढून दिला. साडीवर तो चढवून मी कामाला बसले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली, म्हातारा विधवा सुनेला आगीपुढं बसवतोय म्हणून. आत्याबाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "चुलीपुढं बसल्याली चालती ना तुमाला? ती बी आगच हाय." ते ऐकून मी ढालीमागे खूप वेळ तोंड लपवून बसले होते.

आणि ती सकाळ. आदल्या संध्याकाळी मी रंगुबाईंचं हंड्यांचं स्टँड जोडत होते. ढाल एकच. ती माझ्याकडे, आणि तुम्ही मात्र बाजूनं उघड्या डोळ्यांनी बघत होतात, माझा हात कसा चालतो ते. रंगनाथभाऊंनी बजावून सांगितलं होतं, तरीही. सकाळी तुम्हाला डोळे उघडवेनात. वाळू भरल्यासारखे लाल, नुसतं पाणी वाहत होतं. आत्याबाईंनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. सम्राटला आणलं त्या दिवशी तुमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दवाखान्यात नाही, मसणवट्यात नाही. लोक म्हणत होते, भिमाजी दगड झाला. त्या सकाळी एकदा पाणी सुरू झालं ते थांबेना. तुम्ही म्हणत होतात, "उजेड लागलाय, दुसरं काय न्हाई," आणि तुमचे खांदे हलत होते. आत्याबाई चकत्या बदलत राहिल्या. मी तुमच्या पायाशी बसून राहिले आणि मीही रडले. त्या दिवसानंतर आपल्या घरात त्यांचं नाव निघायला लागलं.

रंगुबाईंच्या स्टँडचा एक पाय पुढच्याच आठवड्यात निखळला. तुम्ही जोड उलटा करून दाखवलात, वरून गुबगुबीत आणि आत काहीच नाही. "भ्यालीस, म्हून करंट कमी ठेवलास. म्हून कच्चं ऱ्हायलं." मी तो पुन्हा जोडला, करंट वाढवून. तो अजून आहे. आता लोक ट्रॅक्टरच्या फाळापासून देव्हाऱ्याच्या दारापर्यंत सगळं आपल्याकडे आणतात आणि 'प्रज्ञाताई आहे का' म्हणून विचारतात.

हे सगळं मी त्या दिवशी प्रशांतना सांगितलं. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी शोधून पाठवलेल्या त्या पाहुण्यांना. कारखान्यात कामाला आहेत, त्यांची बायको आजारात गेली, स्वभावानं शांत वाटले. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमचं प्रत्येक वाक्य 'आबा म्हणाले'नं सुरू होतंय. मला आधी आबांना भेटायला हवं." आबा, तिथंच माझा होकार झाला. तो मी रंगनाथभाऊंकडून तुम्हाला कळवला. पण काल त्यांच्याकडूनच तुमचा निरोप आला की मशीन टेम्पोनं पोरीकडे पाठवतो, लग्नाला मात्र आम्ही दोघं येणार नाही. गेलेल्या पोराच्या आईबापानं त्या मांडवात उभं राहू नये म्हणे. मशीन एकटं आलं तर मी उतरवून घेणार नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात मामा पत्रिकेचा मजकूर लिहीत होते. त्यांनी विचारलं, मुलीकडून निमंत्रक म्हणून कुणाचं नाव घालू? मी सांगितलं, भिमाजी लक्ष्मण भिंगारदिवे, शेवगाव. आईनंही मान डोलावली. मजकूर छापखान्यात गेला, प्रूफ मी स्वतः तपासलं आणि आज पत्रिका घरी आल्यासुद्धा. लोक तुमच्या निमंत्रणावरून येणार आहेत, आबा. विहाराच्या दारात उभं राहून त्यांना हात जोडायला तिथं दुसरं कुणीही असणार नाही.

तुमचीच,
प्रज्ञा