पेढ्याचे कान

बोरिवली,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी विचारत होते एक आणि तुम्ही जेवलो, जेवलो म्हणत होता. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटाने तुमचे कान खाल्ले, तिथे माझा घसा काय पुरणार? म्हणून पत्र.

निलेशचा ग्रुप दरवर्षीसारखा २१ डिसेंबरला शहापूरकडच्या धरणाकाठी तंबू ठोकायला चाललाय. त्याच्या मित्राने, शौनकने मलाही बोलावलंय आणि मी जाणार आहे. फेब्रुवारीत निलेश गेला, तेव्हापासून ऑफिस, घर आणि ते चार दिवस माहेर सोडून कुठेच गेले नाही. प्रश्न पेढ्याचा आहे. बारा वर्षांचा झाला, मागचे पाय लटपटतात. डॉक्टर म्हणतात, थंडीपासून जपा, बाकी कुत्र्याला न्यायला हरकत नाही. पण तिथली त्याची सवय तुम्हाला ठाऊक नाही. तिन्हीसांजेला तो प्रत्येक तंबूशी जाऊन माणसं हुंगतो आणि सगळी भरली की मगच आडवा होतो. निलेश त्याला हवालदार म्हणायचा. यंदा हजेरीत एक माणूस कमी भरणार.

घरी त्याने शोधणं सोडलंय. तिथे नेऊन पुन्हा सुरू करायचं का? आणि ठेवून जावं, तर काल मी माळ्यावरून तंबू काढला तेव्हा तो पिशवीवर बसला तो उठेचना. जेवणही तिथेच दिलं. तुम्हीच काय ते सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या. माया आहेच, ती आटू देऊ नका.
आपली,
रुचिरा


मुलुंड,
३ डिसेंबर

चि. सौ. रुचिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

वर सौ. लिहून गेलो. सोळा वर्षांची हाताची सवय. खोडलं तर जास्तच दिसेल म्हणून तसंच ठेवलं. राग मानू नको गो.

कुत्र्याला सहलीला न्यावं की नाही, हे विचारायला सुनेचं सासऱ्याला पत्र. आमच्या गावी कुत्रो खळ्यात पडायचा, त्याला कोण विचारत होतं? कौतुक झालं. माझं म्हणणं, नेऊ नको. माझ्याकडे सोड.

खरं कारण सांगतो. मार्चमध्ये तू चार दिवस माहेरी गेलीस तेव्हा तो इथे होता. संध्याकाळी सातला लिफ्ट थांबली की ह्याचे कान उभे. मला लिफ्ट ऐकू येत नाही, ह्याचे कान बघून कळायचं. मग आम्ही दोघे दाराकडे बघत बसायचो. झिल माझा, निलेश, शनिवारी ह्याच वेळेला यायचा. कोणी यायचं नाही, मग हा माझ्या पायावर मान टाकायचा. तिथे उघड्यावर तो शोधत फिरला तर तुला बघवणार नाही. मला घरात बघवलं नाही.

थंडीत कान बांधून जा. ह्या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
तुझा,
बाबा


बोरिवली,
२३ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. शनिवारी निघताना त्याच्या तोंडावर दार लावायला हात धजेना. नेलं त्याला, आणि वाट लागली.

अंधार पडायच्या आधी त्याची फेरी सुरू झाली. पाच तंबू, नऊ माणसं. सगळ्यांना हुंगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या फेरीला मागचे पाय बसले, तर बसल्या बसल्या पुढे सरकायला लागला. शौनक चुलीपासून उठला आणि पाठ करून उभा राहिला. मी पेढ्याला उचलून गाडीत बसले. बाबा, फेब्रुवारीपासून मी रडले नव्हते. लोक म्हणायचे, धीराची आहे. त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. शौनकने आम्हाला लगेच घरी आणून सोडलं.

आणि घरी शोधणं सोडलंय म्हणाले ना, तेही खोटं निघालं. शेजारच्या रतनताई म्हणाल्या, मी ऑफिसला गेले की तो दिवसभर दाराला नाक लावून असतो. वाट बघणं त्याचं सुटणार नाही. मग निदान दोघांनी मिळून बघावी. रविवारी त्याला तुमच्याकडे आणते, कायमचा. माझं घर रिकामं होईल, ते मी बघेन.

आणि ते सौ. राहू द्या. बाकी सगळ्यांनी खोडलं.

आशीर्वाद असू द्या.
आपली,
रुचिरा


मुलुंड,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. रुचिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

पेढा खुशाल आहे. दुधात भाकरी कुस्करून खातो, तुझं पाकिटातलं खाणं हुंगून सोडतो. तंबूची पिशवी ठेवून गेलीस ते बरं केलंस, तिच्यावरच निजतो. निलेशचा वास आहे तिला. मीही नाक लावून बघितलं, तुझ्यापासून काय लपवायचं?

सातला कान उभे राहतातच. आता मी उठून दार उघडतो. सोमवारी समोरची माधुरी होती, काल गॅसवाला. हा हुंगतो आणि परत येऊन पडतो. मला वाटलं, रोज दार उघडून दाखवलं तर त्याला समजेल. त्याला नाही समजत. मला समजायला लागलंय.

म्हणून लिहितो. शनिवारी सातला ये. जेवायला बांगड्याचं तिकलं करतो. फोन नको, बेल नको. लिफ्टमधून उतरून नुसती दाराशी उभी राहा. ह्याचे कान उभे राहिले की मी दार उघडेन. एकदा तरी दारात आपलं माणूस असू दे.

वाट बघतो आहोत.
तुझा,
बाबा