झाकण पडलं की बंद

१० ऑगस्ट १९४६

पुन्हा तीच लॉरी! कालच चालू करून दिली होती. आज सकाळी तांड्यावरचा माणूस दारात हजर — "मिस्तरी, बंद पडली." डोकंच फिरलं माझं! हिंगोलीत मला हसायला लोक टपलेलेच आहेत, त्यात ही.

लमाणांचा तांडा कनेरगाव नाक्याच्या अलीकडं. हिरासिंग नाईकानं बैल विकून लढाईतली लिलावाची लॉरी घेतली. पोरगा खेमा चालवतो. खेमाच्या बायकोचे, रूपाबाईचे, दिवस भरलेत. सुईण जमनाबाई म्हणते, लेकरू आडवं आहे, इथं सुटका व्हायची न्हाई, वाशीमच्या दवाखान्यात न्यायलाच पाहिजे. बैलगाडीत एवढे धक्के ती सोसायची न्हाई. म्हणजे कळा सुरू झाल्या की लॉरी चालू पाहिजे. तेवढंच माझं काम.

गेलो. बॉनेटचं झाकण उघडलं. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, बॅटरी बराबर. हँडल मारलं — पहिल्या झटक्यात चालू! बंद केली, झाकण टाकलं, हात धुऊन परत आलो.

११ ऑगस्ट

आजबी तेच! मी गेलो की चालू, मी निघालो की मेली.

१२ ऑगस्ट

प्लग काढून पुसले. पॉइंट घासले. बॅटरीपासून कॉइलपर्यंत तार न् तार बोटानं चाचपली. ठिणगी निळी, चटचटीत. कुठं काही न्हाई! मोटारीची भीती मला कधी वाटली न्हाई, पण आज अंगावर काटा आला. इंजन बंद केलं, तरी आत कुणीतरी श्वास घेऊन राहिल्यासारखं वाटलं. तापलेलं लोखंड निवतंय, दुसरं काय! पण मी हात पटकन बाहेर काढला.

हिरासिंग बाजूला बसून बघत होता. म्हणाला, "मिस्तरी, ती बिघडली न्हाई. बसली हाय."

त्यांचा एक म्होरक्या बैल होता म्हणे. तांडा मीठ घेऊन हिंडायचा तेव्हा तो पुढं. पाठीवर ओझं न्हाई, गळ्यात दावं न्हाई, नुसती घंटी. तो बसला की अख्खा तांडा तिथंच उतरायचा. "उठवायचा न्हाई. आपणहून उठंल तवाच निघायचं."

"नाईक, सुनेचा जीव टांगणीला लागलाय अन् तुमी बैलाचं काय सांगून राहिले?" मी ओरडलोच.  रूपाबाई दारात उभी होती. पाय सुजलेले, तोंड पांढरं. तिनं सगळं ऐकलं.

१३ ऑगस्ट

पहाटेपासून पाऊस. मी पोहोचलो तर रूपाबाईला कळा सुरू! लॉरी लगेच चालू झाली. तिला मागं गोधडीवर निजवलं, जमनाबाई तिच्याजवळ. पाऊस आत जाईल म्हणून मी झाकण खाली केलं — बंद! उघडलं, हँडल मारलं — चालू. झाकलं — बंद. अरे देवा! इतके दिवस मी उघड्या इंजनातच डोकं घालून बसलो, झाकणाकडं बघितलंच न्हाई!

झाकणाच्या आतून हात फिरवला. कोपऱ्यात तारेनं बांधलेली पितळेची घंटी. आतला लोळा गेलेला, म्हणून वाजत न्हाई. झाकण पडलं की ती कॉइलच्या बोल्टाला टेकायची. सगळा करंट लोखंडात, प्लगला ठिणगीच न्हाई! हसलो मी, मोठ्यांदा हसलो. तार तोडली, घंटी काढली, झाकण आपटलं. लॉरी धडधडत राहिली.

रोजच्या झटापटीत बॅटरी पार उतरत आलेली. खेमाला बजावलं, "वाशीम येईस्तोवर इंजन बंद करू नको. कुणी हात केला तरी थांबू नको. एकदा बंद पडली तर वाटेत मीबी न्हाई."

"व्हय, मिस्तरी."

तसल्या कळांतबी रूपाबाईनं मला हात जोडले. 

लॉरी गेल्यावर घंटी हिरासिंगच्या हातात दिली. "नाईक, बांधायचीच होती तर बाहेर बांधायची!" तो घंटी उलटीपालटी करत राहिला. मग खालीच बसला.

"ही आमी बांधली न्हाई. बैल मेला तवा त्याच्या गळ्यात तशीच ठिवून, माझ्या हातानं पुरली."

कुणीतरी उकरून आणली असंल, दुसरं काय! तसं मी त्याला म्हणालोबी. पण घंटीच्या आत काळी माती होती, बोटाला लागली. ओली. रोज इंजन तापून राहिलं, मग ती सुकली काहून न्हाई?

१४ ऑगस्ट

वाशीमच्या वाटेवर पैनगंगेच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. अलीकडं अडकलेल्या गाडीवाल्यांनी ओरडून हात केले. खेमा थांबला न्हाई. इंजन एकदम बराबर चालू होतं म्हणतात — लॉरी पाण्यात दिसेनाशी होईस्तोवर.