डब्यातला जबाब

१२ सप्टें., शुक्र.
ठमीआजीचे दिवस आज झाले. अख्खी वाडी होती. नामाकाका वरच्या आळीतून आला, बा दिसला तसा पलीकडे जाऊन बसला. अकरा वर्षं हेच. त्याच्या शेळ्या आमच्या वरईत शिरल्या म्हणून बाने कोंडवाड्यात घातल्या होत्या, त्यातली गाभण होती ती मेली. तेव्हापासून बोलणं बंद.

आजी गेली त्याचं रडू खरंच आलं. पण दुसरंही डोक्यात होतं, लिहायला लाज वाटते. जबाबावर तिचा अंगठा घ्यायचा राहिला. डोंगरउतारावरचं आमचं रान तीन पिढ्या आम्हीच कसतोय, हे बांध न् बांध दाखवून सांगणारी वाडीतली सगळ्यात जुनी ती. वनहक्काचा आमचा दावा एकदा 'पुरावा अपुरा' म्हणून परत आलाय. फेरसुनावणी १६ ऑक्टोबरला, तालुक्याला. मे महिन्यात माझ्या फोनवर तिच्या बोलण्याचा व्हिडिओ घेतला, अडतीस मिनिटांचा. कागदावर उतरवू, अंगठा घेऊ, घेऊ म्हणता म्हणता पाऊस लागला. आता कुठला अंगठा!

आता जे काही आहे ते माझ्या फोनात. आणि फोनची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण उचललंय.

१४ सप्टें., रवि.
पाण्याच्या टाकीवर दोन तास उभी. रेंज तिथेच. व्हिडिओ जात नाही. एवढा मोठा जाणार पण नाही. शेजारच्या तिघांच्या दाव्यांचे फोटो पण असेच चार फोनांत विखुरलेले. सगळं एका जागी हवं.

१५ सप्टें., सोम.
माथेरानला ड्यूटी. हॉटेलात नवीन वायफाय बसलं, जुने राउटर भंगारात. वायरिंगचं बघणारे शेखरदादा म्हणाले, "एक घेऊन जा. मागे खाच आहे बघ, तिथं हार्डडिस्क लाव. इंटरनेट नसलं तरी चालतं. डब्याजवळ जो फोन येईल त्याला डिस्क दिसते." जुनी डिस्क पण दिली. पिशवीत गुंडाळून उतरले, पायवाट निसरडी, दोनदा बसले पण डबा वर धरून.

बा : "ह्येला तीन शिंगं कशापायी गं? मारतंय का?"

२१ सप्टें., रवि.
सुट्टी गेली यात. लाईटचा भरवसा नाही म्हणून डबा थेट सोलरच्या बॅटरीवर जोडला, दोन्ही बारा व्होल्ट. दिवे लागले, मला केवढा आनंद! मग डिस्क लावली तर टिक… टिक… टिक… फोनवर काही दिसेना. आय म्हणते पाल चुकचुकतेय. शे.दा.ना टाकीवरून फोन. डबा डिस्कला पुरेसा करंट देत नाही. मधे करंटवाला हब लावायचा. कर्जतला मिळेल.

फोनचं झाकण आणखी वर. रबर बँड लावलाय.

२४ सप्टें., बुध.
चाललं! हब लावला आणि डिस्क एका दमात उठली. डब्याच्या वायफायचं नाव 'उतार' ठेवलं. शेजारचे तिघं ओट्यावर बसून आपापले फोटो ओतत होते, जत्राच. "घरात नेट नाय आन् तुज्या घरात वायफाय?" म्हणून हसत होते.

फक्त आजीचा व्हिडिओ अर्ध्यात तुटतो. तीनदा झालं. फोन गरम होतो, बंद पडतो.

३० सप्टें., मंगळ.
अजून नाही. फोन भरलाय, एक फोटो निघत नाही. सोळा दिवस उरले. हॉटेलात पाहुण्यांशी उगाच खेकसले, साहेब बघत होते. परवा दसऱ्याला सकाळी शेवटचं करून बघते. या वेळी कॉपी नाही, मूव्ह. गेलं की फोन पण मोकळा.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
झालं एकदाचं!! पहाटेच लावला होता, फोन ओल्या फडक्यावर ठेवून. सव्वा तास. शंभर टक्के, बरोबरची खूण. बा केव्हाचा थांबला होता. कोयते, फाळ, पहार सगळं धुऊन मांडलेलं, आयचं शिलाई मशीन पण. म्हणाला, "झालं का गं तुजं? ह्यो डबा बी मांडू की. पंधरा दिस राबलाय, लोखंडाला आजच्या दिवस इसावा पायजे." मी चपला घालत होते. म्हटलं झालं, घ्या काढून. वर पोचायला उशीर होत होता, दसऱ्याची गर्दी. दारातून वळून पाहिलं तर डब्याला झेंडूची माळ, डिस्कवर हळदकुंकू. हसूच आलं. फोटो काढला. आता निघतात फोटो! वर चढेपर्यंत पन्नासेक काढले.

३ ऑक्टो., शुक्र.
नाही. आजीचा व्हिडिओ नाही.

संध्याकाळी डबा परत जोडला. बाकीचे फोटो आहेत. आजीचं नाव दिसतं, उघडत नाही. साइज शून्य. फोनात पण नाही, मूव्ह केला होता ना. पंचवीस वेळा बघितलं. 

आणि मी बावर ओरडले. "तुमची पूजा! वायरी कशाला उपटल्या? गेली आपली जमीन, घाला आता तिला हार!" आय म्हणाली वंदे, गप.  बाने कोयता खाली ठेवला आणि बाहेर गेला. जेवायला आला नाही.

६ ऑक्टो., सोम.
शे.दा.ना डिस्क दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "खूण आली म्हणजे फोनने दिलं. डबा ते लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोडं हातात धरून ठेवतो, मग सावकाश लिहितो. फोनला वाटलं पोचलं, त्याने पुसलं. डबा लिहीतच होता, तेवढ्यात करंट गेला."

फोनातून परत काढता येईल? "पुसल्यावर त्यात काही भरलं नाहीस ना?"

पन्नास फोटो.

आणखी एक म्हणाले ते सारखं टोचतंय. "वंदना, एकच ठेवली आणि दुसरीकडची पुसली तर त्याला बॅकअप म्हणतात का?" डिस्क कल्याणच्या ओळखीच्या दुकानात पाठवतायत. हॉटेलातलं कोणीतरी बदलापूरपर्यंत नेईल, पुढे ते स्वतः.

८ ऑक्टो., बुध.
वाट. बा माझ्याशी बोलतो पण तोंडाकडे बघत नाही. "भाजी आनू का?" एवढंच. मला माफी मागायचीय, जीभ उचलत नाही. कारण माफी मागायची तर पुढचं पण म्हणावं लागेल. घ्या काढून असं मीच म्हटलं होतं. त्याने विचारलं होतं. मी ओरडले तेव्हा हे मला आठवत होतं. आठवत होतं आणि तरी ओरडले.

१२ ऑक्टो., रवि.
शे.दा. स्वतः उतरून आले डिस्क घेऊन, एवढा माणूस. सहा मिनिटं मिळाली. त्यांच्या लॅपटॉपवर सगळ्यांनी पाहिलं. आजी नाव सांगते, माहेर सांगते, मग मिशेरी मागते, मग मी मागून "आजी, कॅमेऱ्याकडे बघ". ती म्हणते, "बगते की. आता आयक, ह्यो जो उतार हाय ना…"

तिथे थांबतं.

आय पदर तोंडाला लावून रडली. शे.दा. हळूच म्हणाले, दुसरं कोणी म्हातारं माणूस नाही का, ज्याचा स्वतःचा दावा नाही पण ज्याने पाहिलंय?  सगळ्यांना माहीत होतं. नामाकाका आहे. लहानपणी बाबरोबर त्याच उतारावर गुरं राखायचा. त्याचा दावा नाही, त्याची खाली भाताची जमीन आहे.

मी म्हटलं मी जाते. बा म्हणाला, "तू नगं."

१३ ऑक्टो., सोम.
बा गेला. सकाळी, सगळ्यांच्या देखत, वरच्या आळीला. मी ड्यूटीवर, आयने सांगितलं. नामाकाका ओट्यावर भिंतीला लावायचा कूड विणत होता. बा पायरीशी उभा राहिला, टोपी काढली. म्हणाला, "नामा, शेळी माज्यामुळं मेली. आज तुज्या दारात आलोय." नामाकाका विणतच राहिला.  मग, "आयकलं. जा आता."

'हो' नाही, 'नाही' पण नाही. नुसतं आयकलं!

बा घरी येऊन पाणी प्यायला आणि रानात गेला, असं आय म्हणाली. मला वर हॉटेलात चादरी मोजताना हे काही माहीत नव्हतं.

१५ ऑक्टो., बुध.
नामाकाकाकडून काही नाही. आय त्याच्या सुनेला विहिरीवर भेटली, सून म्हणाली मामा कुनाला काय बोलत नाय. कागद पिशवीत भरले. सहा मिनिटं आता तीन ठिकाणी आहेत : डिस्क, शे.दा.चा लॅपटॉप, उसना पेनड्राइव्ह. अक्कल आली, पण केव्हा!

शेजारी विचारतात, उद्या काय व्हनार? मला काय माहीत. त्यांचे दावे फोटोंवर उभे राहतील कदाचित. आमच्या रानाचा फोटो काय दाखवणार, वरई आहे एवढंच. कोणाची, कधीपासून, हे फोटोत येत नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
तालुक्याला, ऑफिसबाहेरच्या बाकावर लिहितेय.

सकाळी रस्त्यावर जीपसाठी उभे होतो तर नामाकाका आधीच तिथे. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं फडकं. पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. कर्जतपर्यंत एक शब्द नाही. मला धड आनंद पण होईना, कारण आत जाऊन तो काय सांगेल ते त्यालाच माहीत. बाची जिरवायची तर आजच्यासारखा दिवस नाही.

शिपायाने आधी आमचे कागद नेले. आतल्या साहेबांनी आजीची सहा मिनिटं पाहिली म्हणे, पुढचं काय असं विचारलं. मग नामाकाकाला हाक. तो उठला, बाकडे बघितलं नाही, आत गेला.

बा आणि मी बाकावर. मला राहवेना. म्हटलं, "बा, घ्या काढून असं मीच म्हटलं होतं तुम्हाला."

"ठावं हाय."

"मग मी ओरडले तवा बोलला का नाय?"

बा फरशीकडे बघत होता. "आजीचं बोलनं गेलं तवाच नामा डोळ्याम्होरं आला. बोललो असतो, तर नामाकडं तू गेली असतीस चूक पदरात घेऊन. तुज्यासाटी तो उठला नसता. आन् मला कुटं जायला तोंड व्हतं एरवी? अकरा वर्सं निमित्त गावत नव्हतं."

मी रडले, तिथेच, लोकांसमोर. बाने फडकं दिलं, त्याला वरईचा भुसा लागलेला.

दार अजून बंद आहे. बा उठून दाराजवळ जातो, कान देतो, परत येतो. काही ऐकू येत नाही म्हणतो.