खोबरेल गोठेपर्यंत

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६
कारंज्याहून वैष्णवी काल माहेरी आली. सोबत पाच महिन्यांची संस्कृती. महिनाभर राहणार.
यांनी मोबाईलवर आठवड्याचं हवामान वाचलं. ३४, ३५, परत ३५. थंडीचं नाव नाही. म्हणाले, कूलर सोडू का? नाही म्हटलं. दसऱ्याला हळदकुंकू वाहून कापडात बांधून ठेवला, होळीशिवाय सोडणार नाही असं देवीपुढे बोलले आहे. शब्द म्हणजे शब्द. वीजही वाचते.
देवघरात खोबरेलाची बाटली ठेवली. तेल गोठलं की थंडी आली. मोबाईलला काय कळतं? दोन दिवसांत गोठतं.

१० नोव्हेंबर, रविवार
तेल पातळ. पण मधोमध पांढरं दिसलं. यांना दाखवलं. म्हणाले, ते मागचं लेबल आहे.
उद्या नक्की.

११ नोव्हेंबर, सोमवार
बाळाच्या मानेवर घामोळ्या. चंदन उगाळून लावलं. वैष्णवी म्हणाली, आई, देवी कायले अडवून राह्यली तुले? मी म्हटलं, देवीनं नाही अडवलं, मीच बोलले. हे सांगायला नको होतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. एकादशी
शेजारच्या ललिताबाई आल्या. म्हणाल्या, लेकराले माह्या घरी निजव वं, माहा कूलर चालूच हाये. तुह्या देवीले नाही सांगत मी. वैष्णवी लगेच उठली. बाळ तिथं तीन तास झोपलं. आधी जागरण झालं होतं म्हणून. कूलरचा संबंध नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार
आज तुळशीचं लग्न. दरवर्षी या दिवशी शाल लागतेच. काढली, पांघरली. मंगलाष्टकं होईपर्यंत घाम पुसायला कामी आली. हे हसले नाहीत, तेवढं बरं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
तेल पातळ. घामोळ्या पाठभर.
दुपारी जावई धीरजराव गाडी घेऊन आले. मी बोलावलं नव्हतं. वैष्णवी म्हणाली, तुही थंडी पडली की येतो. मी ओटी भरली. बाळानं पदर मुठीत धरला होता, बोटं एकेक सोडवावी लागली.
संध्याकाळी देवीला विचारलं, कूलर सोडू का? काही बोलली नाही. म्हणजे परवानगीच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
यांनी कूलर सोडला, वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं. घर गार. वैष्णवीला फोन केला. रविवारी येतो म्हणाली. आता महिनाभर राहतील, जास्तच.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७
तेल गोठलं. लेबल नाही, तेलच. यांना उठवून दाखवलं. हे गोधडीतून म्हणाले, आता तरी कूलर बंद कर. मोबाईल चुकला, माझाच अंदाज खरा निघाला.
वैष्णवीचा फोन आला. तेल गोठल्याचं मीच सांगितलं. एवढ्या गारठ्यात लेकराले कशी आणू? आता होळीच्या वक्ती पाहू म्हणाली.
बाटली उन्हात ठेवली. तेल पातळ झाल्यावर बाळाच्या मालिशीपुरतं वाटीत काढलं. मग परत बाटलीत ओतलं.