पडद्यावरचे साहेब

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी मालिका बाबा एक दिवस चुकवत नाहीत. तू साहेब बनून एखाद्या कारकुनाच्या कानाखाली वाजवलीस की खुर्चीत सरसावून बसतात. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस आता म्हणतो, कोर्ट काय, निवडणुका काय, सगळा वेळकाढूपणा. असा एक साहेब बसवा, झालं. मी हसून सोडून देत होते.

पण काल आमच्या पाणीखात्यात एकाने हेडक्लार्ककाकांना थप्पड मारली. त्याच्या नळजोडणीच्या अर्जावर सही राहिली होती, तीही इंजिनिअरची. मारताना म्हणाला, नियम आपल्या खिशात असतात. वाक्य तुझंच. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. काका डबा उचलून मुकाट घरी गेले.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, खाल्ले असतील पैसे. अरे, मीही त्याच खोलीत बसते ना! फार दमले बघ. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेकअपच्या खुर्चीत वाचलं. लेखकाला म्हटलं, एकदा तरी साहेबाला चुकू दे. तो म्हणाला, थप्पड नसली की लोक चॅनल बदलतात. तोही पार पिचलाय गं. रस्त्यात लोक माझ्या हातात अर्ज कोंबतात. मी साधा नट आहे म्हटलं, तर डोळे मिचकावतात.

परवा एका पक्षाची माणसं आली, निवडणुकीला उभे राहा म्हणाली. मला कारभारातलं काय कळतं, असं विचारलं, तर मनापासून हसली. फक्त मालिकेतला तो पांढरा शर्ट घाला, म्हणाली. मी नाही म्हटलं. हे बाबांना कळल्यापासून ते माझा फोन घेत नाहीत.

मंगळवारी तुझ्या ऑफिसात येतोय. काकांना आधी सांगू नकोस. माया आहेच, तशीच असू दे.

तुझा, बिनकामाचा साहेब

२८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

लिहीन लिहीन म्हणता दिवस गेले. त्या दिवशी तू आत आलास आणि रांगच मोडली. लोक ओरडत होते, साहेब, द्या एक ठेवून! तू सरळ काकांच्या टेबलाशी जाऊन त्यांची माफी मागितलीस. मग कुणीतरी कॅमेरा शोधायला कपाटामागे डोकावलं, आणि पुन्हा टाळ्या. तुझ्या तोंडाकडे मला बघवेना.

तू गेल्यावर काका म्हणाले, बरं वाटलं, कळव त्याला. पण हे मालिकेत घालू नका म्हणावं, कोण बघणार?

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी मालिका लावली. थप्पड आली तेव्हा मात्र पडद्याकडे बघतच मला विचारलं, त्या हेडक्लार्कला फार लागलं होतं का? मी हो म्हटलं.

फोन लावून बघ. उचलतील की नाही, सांगता येत नाही.

तुझीच,
ताई