बद्रीनाथची वडी आणि नारळाचं पाणी

तीर्थपुरी,
१४ जानेवारी १९९७

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. (चार महिन्यांनी का होईना, मी थोरला आहे, तुझा फोटो पेपरात आला म्हणून हा हक्क जात नाही.) मावशीचे गुडघे कसे आहेत? आज संक्रांत, म्हणून गोड लिहायचा प्रयत्न करतो.

तुझा शोधनिबंध वाचला. तीन तुकडे जोडलेलं अतिवाहकाचं कडं थंड केलं की बाहेर चुंबक नसतानाही आत चुंबकीय फ्लक्स उगवतो, आणि तोही अर्ध्या मापाचा! आपल्या वेळी तो पूर्ण मापानेच यायचा. मी वीस वर्षं तसंच शिकवलं. (बी.एस्सी.ला मला तुझ्यापेक्षा तीन मार्क जास्त होते, हे आठवत असेलच.)

तू पाठवलेल्या अतिवाहकाच्या काळ्या वडीवर चुंबक तरंगताना मुलांना दाखवायचा होता. त्याला द्रव नायट्रोजन लागतो, आणि तो इथे फक्त जनावरांच्या दवाखान्यात, वळूचं वीर्य गोठवून ठेवायला. तिथला भुजंग कंपाउंडर टाकी घेऊन कॉलेजात आला, तर मागोमाग गोजरबाई गाय घेऊन हजर. "मास्तर, डबा इकडं कामून नेऊन राह्यले? माही गाय तिकडं वाट पाहून राह्यली!" गाय वर्गाच्या दारात शेवटपर्यंत उभी होती. (सगळ्यांत लक्षपूर्वक तिनेच पाहिलं.)

संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, "पूजेबिगर कशाचं शास्त्र? आधी नारळ!" त्यांनी वडीला हळदकुंकू वाहिलं आणि तिच्यावरच नारळ फोडला. नायट्रोजन पडताच ओली वडी तडकून तिचा चुरा झाला. चुंबक जागचा हलला नाही. "बद्रीनाथचा माल कच्चा दिसतो, मंग," काकासाहेब म्हणाले. मी चुरा रुमालात गोळा करत राहिलो. (डायरीत 'खेद वाटला' असं लिहिलं. मग 'खेद' खोडला. दुसरा शब्द अजून लिहवला नाही.)

तुझा,
साहेबराव

ता.क. 'पाण्यापासून जपावी' ही तुझी चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि नारळ वर गेला तेव्हा माझे दोन्ही हात रिकामे होते. माझंही तुझ्या कड्यासारखं झालंय: बाहेरून कुणी काही केलं नाही, तरी आत काहीतरी येऊन बसलंय. दुसरी वडी पाठव. नारळ मी दाराबाहेर फोडून घेईन. आणि सव्वीस तारखेला इथे तुझा सत्कार आहे, त्या भाषणात माझ्या तीन मार्कांचा उल्लेख करशील का?

ता.क. २. खात्रीसाठी १९७३ची डायरी काढली. तीन मार्क तुलाच जास्त होते. तरी उल्लेख कर. 'आमच्यात फक्त तीन मार्कांचा फरक होता' एवढंच म्हण आणि पाणी पी.