अड्याळच्या मंडईतला संशयित

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
भाऊबीज आटोपली. बहीण आणि भाची टीना पुण्याला परत गेल्या. टीना जाताना इंग्रजी कादंबऱ्यांची एक पिशवी विसरली. फोन केला तर म्हणते, राहू द्या मामा, माझ्या वाचून झाल्यात. एका कव्हरवर मांजर आणि केक आहे. दुसऱ्यावर केक आणि मांजर. पाठशाळेत न्यायशास्त्र घासलेल्या माणसानं असलं काही हातातही धरू नये. पण भाची काय वाचते यावर लक्ष ठेवणं मामाचं कर्तव्य आहे. फक्त पहिलं पान बघतो.

संध्याकाळी. अर्धं पुस्तक झालं. कर्तव्य सुरू आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
संपवलं. लाज वाटते. दुसरं सुरू केलं.

गोष्ट अशी की इंग्लंडात एक छोटं गाव आहे. एक रस्ता, एक देऊळ म्हणजे चर्च, फुलांच्या कुंड्या. तिथं एक बेकरीवाली बाई राहते. दर पुस्तकात गावात एक खून होतो आणि पोलीस चुकीच्या माणसाला धरतात. मग बाई केक भाजता भाजता खरा माणूस शोधून काढते. खुनात रक्त फारसं नाही, केक मात्र सविस्तर. शेवटी ती सगळ्यांना एका खोलीत बसवते, बोट दाखवते, तो कबूल होतो आणि उरलेले लोक चहा पितात. गाव होतं तसं पुन्हा छान.

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. धान खरेदी केंद्राच्या उद्घाटनाची मीच लिहिलेली बातमी वर आली. सुलोचनेला सांगितलं, न्यायशास्त्रावरची एक टीका वाचतो आहे. ती म्हणाली, बरं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "टीका वाचताना मानूस असा हासते काय वो?" टीकाकारावर अवलंबून असतं, असं मी सांगितलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार
तिसरं चालू. आज बसस्टँडवर उभा असताना एकदम लक्षात आलं की अड्याळ काय कमी आहे? रस्ता आहे, देऊळ आहे, बाजार आहे. कुंड्या नाहीत, पण डालड्याच्या डब्यात तुळशी आहेत. मांजरं तर मोजता येणार नाहीत. आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा, तर्काचं शिक्षण घेतलेला, दैनिकाचा वार्ताहर आहे. इतकी वर्षं मी उद्घाटनं लिहिली. कोणी मला कधी काही शोधायला सांगितलं नाही, यात माझा दोष नाही.

संकल्प: उद्यापासून निरीक्षण. रोज. नियमित.

आणि नियतीचा योग बघा. शेजारच्या गोदावरीबाईंची पितळी परात अंगणातून गेली! गोदावरीबाई म्हणजे गोमाजींच्या घरच्या. शेती, दोन म्हशी, एकुलती एक मुलगी ज्योत्सना. पोर गुणी, गावातल्या मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे. माझ्या बीपीच्या गोळ्या तीच देते आणि मीठ कमी खा म्हणून रागावतेही. गोदावरीबाई परातीबद्दल म्हणाल्या, "राहीन कोठी तं." चोरीला गेलेल्या वस्तूच्या मालकाची पहिली प्रतिक्रिया पुस्तकातही हीच असते.

२९ ऑक्टोबर, बुधवार. मंडईचा दिवस
गावात माणूस मावेना. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच, प्रत्येक घरी पाहुणे. दिवसभर दुकानं, रात्री नाटक. या गर्दीत मी एकट्यानं संशयिताला हेरलं.

वय साठीच्या आसपास, निळा मफलर, हातात नवी पिशवी. आधी पानठेल्यावर बराच वेळ उभा. मग गोमाजींच्या घरावरून दोनदा गेला. कुंपणाच्या वरून अंगणात बघितलं. म्हशींकडे बघितलं. खोल्या मोजल्यासारखं केलं. शेवटी धीटपणे माझ्याच ओट्यावर आला. माझा जाड चष्मा बघून म्हणाला, "गुरुजी, जरासा पानी भेटन का?" पाणी दिलं, चहाही दिला. (बेकरीवाली बाई संशयिताला नेहमी खायला घालते.) मग त्याची प्रश्नावली सुरू. शेजारचे मालक कसे आहेत? दारू-गिरू घेतात का? शेती किती? घरी किती जण? पोरगी किती वाजता कामावर जाते, किती वाजता येते?

सोयरिकीची चौकशी असावी असं क्षणभर वाटलं. पण ती शक्यता तर्कानं बाद ठरते. अड्याळात कोणाच्या पोरीची चौकशी करायला आलेला माणूस आधी माझ्याकडे येतो, हा आधी पानठेल्यावर गेला. शिवाय शेजारी काही ठरत असतं तर मला कळलं असतं. मी वार्ताहर आहे.

तेव्हा मी दुसऱ्या पुस्तकातली युक्ती वापरली. बाई संशयिताला एक खोटी गोष्ट सांगते आणि तो फसतो का बघते. मी सहज म्हटलं, शुक्रवारी यांच्या घरी कोणीच नसणार बरं का. पोरीचं साक्षगंध आहे तुमसरला, मागेच ठरली सोयरीक, सगळे तिकडे जाणार.

माणसाचा चेहरा पडला! म्हणाला, "ठरली? पक्कं?" मी म्हटलं, पक्कं, सोयरिकीच्या यादीवर मी स्वतः सही केली. (ही सही मला तिथल्या तिथे सुचली. जमतं मला हे.) तो चहा अर्धा टाकून उठला.

शुक्रवारी पकडतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळपासून गच्चीवर. वाळत घातलेल्या चादरीमागे बसून गोमाजींच्या दारावर नजर. सुलोचनेनं विचारलं, वर काय करून राहिले? संध्या, म्हटलं. "दुपारी बारा वाजता?" म्हटलं, माध्यान्ह संध्या. कोणी आलं नाही. चोर सावध झालेला दिसतो. पुढच्या पानावर पुरावा मिळेल.

१ नोव्हेंबर, शनिवार
परात सापडली. पलीकडच्या रेवताबाईंनी अनारशांसाठी नेली होती, परत करताना त्यात अनारसे घालून दिले. प्रकरण निकालात. मी कारवाई केल्यामुळे चोरानं हात आखडता घेतला असणार, असंही म्हणता येतं. अनारसे चांगले होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गोमाजींच्या घरी काहीतरी बिनसलंय. गोदावरीबाई दिसत नाहीत. ज्योत्सनानं आज गोळ्या दिल्या, मिठाबद्दल बोलली नाही.

रात्री जेवताना सुलोचनेनं सांगितलं. ज्योत्सनाची सोयरीक जुळत आली होती. दिघोरीचा मुलगा, अतुल, कृषी सहायक. मुलीची पाहणी पवनीला तिच्या मावशीच्या घरी केली, पक्कं होईपर्यंत गावात बोभाटा नको म्हणून. मला सांगितलं नाही! आणि आता मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, तुमची पोरगी आधीच ठरलेली आहे, आमाले काहून फसवता? गोमाजी खाटेवर बसून आहेत, जेवले नाहीत. "पोर तं दिवसभर," सुलोचना म्हणाली, "निस्ती भांडी घासून राहिली. घासलेलीच."

कोणीतरी खोटी बातमी पेरली आहे! गावात खरंखुरं प्रकरण घडलं आहे, आणि मला परातीत गुंतवलं होतं.

संकल्प: पोरीसाठी मी हे प्रकरण शोधून काढणार.

५ नोव्हेंबर, बुधवार
गोमाजींना भेटलो. म्हटलं, गोमाजी, काळजी करू नका, हे माझ्यावर सोडा. त्यांचे डोळे भरून आले. "केशवराव, तुमीच पाहा आता. मी तं कोनाचं वाईट केलं नोव्हतं." हात धरला माझा. फार समाधान वाटलं.

संशयित: पानठेलेवाला, रेवताबाई (परात नेते, बोलते फार), नाटक कंपनीचा मॅनेजर. रेवताबाईंना आडून विचारलं. त्यांनी मला सरळ शिव्या घातल्या. अपराधी माणूस चिडतोच.

६ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळ
ज्योत्सनाला दुकानात विचारलं, मुलाकडून चौकशीला कोण आलं होतं? म्हणाली, त्याचे मामा, मारोतराव, मंडईच्या दिवशी. "ते का गावात कोनाले ओळखतात? निळा मफलर घालून एकटेच फिरत होते म्हने. कुंपनावरूनच पाहिलं, आत याले लाजले."

मी गोळ्या घेतल्या. सुटे पैसे घेतले. घरी आलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज काही लिहायचं नाही.

दुपारी. नीट विचार केला तर माझा दोष अंशतःच आहे. तो आत का नाही गेला? सोयरिकीला आला तर तसं सांगायला काय झालं होतं? गोमाजींनी पवनीला लपूनछपून पाहणी केली, ती शेजाऱ्याला सांगितली असती तर? हेतू माझा चांगला होता. हेतू सत् असला तर...

नाही. पुढचं शास्त्र मला येतं, पण लिहवत नाही. उद्या गोमाजींना सगळं सांगतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
गेलो. गोमाजींनी चहा दिला, "काई लागलं का हाती?" असं आशेनं विचारलं. मी म्हटलं, तपास चालू आहे. परत आलो.

रात्री जेवण झाल्यावर ज्योत्सना आली. दारातच उभी. बसली नाही. अतुलला तिनं फोन केला होता. मामांनी सांगितलेलं जसंच्या तसं तिनं मला सांगितलं. ओटा, पाणी, चहा, जाड चष्म्याचे गुरुजी, यादीवर सही.

"काका, तुमीच होते नं?"

मी हो म्हटलं. एवढं तरी मी केलं, याची नोंद असावी.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मग मी समजूत घालीन. म्हणाली, "मले तो पोरगा पसंत होता, काका. मी पयल्यांदा घरी सांगतलं होतं का मले पसंत हाय." मग म्हणाली, "उद्या दिघोरीले चला. तुमीच सांगा तिथं. बाबाले मी अजून काई नाई सांगतलं, गाडीत सांगन."

मी म्हटलं, फोनवर सांगितलं तर चालणार नाही? तिनं गाडी किती वाजता निघते ते सांगितलं.

ती गेल्यावर सुलोचना आतून आली. हातात ते पुस्तक, माझ्या बातमीचं कव्हर काढलेलं. मांजर, केक. "हे नेजा संगं. हे पाहिल्याबिगर तुमी सांगसान ते कोनी खरं मानत नाई." मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? "टीनानं पिशवी मुद्दाम ठेवली जी. मामीसाठी. मीबी दोन वाचले."

९ नोव्हेंबर, रविवार. दिघोरी
गाडीत ज्योत्सनानं वडिलांना सांगितलं. गोमाजी रस्ताभर खिडकीबाहेर कापलेल्या धानाकडे बघत होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बैठकीत सगळे बसले होते. मुलाचे आईवडील, अतुल, मारोतराव, काका-काकू, दारात शेजारी. अशी खोली मी पुस्तकात कितीदा वाचली. फक्त बोट दाखवणाऱ्याच्या जागेवरून वाचली होती.

संस्कृत सुभाषिताच्या थाटात सुरुवात करायचं गाडीत ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मी खोटं बोललो."

मारोतराव म्हणाले, "काहून पन, गुरुजी? तुमचं आमचं वैर होतं का?" मी म्हटलं, तुम्ही चोर वाटलात. मग दारातली एक बाई फिसकन हसली. मग सगळेच. मारोतराव नाही हसले. मफलर हातात घेऊन बसले होते. "मी सरकारी नोकरीतून रिटायर झालो, बापा. लोकायच्या घरात घुसाले लाज वाटते म्हनून भाईर उभा राहिलो. तं मी चोर दिसतो." मग मी पुस्तक पुढे केलं. ते खोलीभर फिरलं. अतुलच्या आईनं उलटसुलट बघितलं, "हे तं लेकराचं पुस्तक दिसते," म्हणाली आणि परत दिलं. कोणी टोमणाही मारला नाही त्यानंतर. वेड्याला कोण मारणार?

ज्योत्सना अतुलशी अंगणात दहा मिनिटं बोलली. परत आली तेव्हा मारोतराव उठले, गोमाजींचा हात धरला. "आमची घाई झाली. विचारून घ्याले पायजे होतं." गोमाजी लहान मुलासारखे रडले.

सोयरीक जुळली. येताना गाडीत सगळे बोलत होते. मला मागच्या सीटवर, पिशव्यांसोबत जागा होती. सोयीची होती.

१० नोव्हेंबर, सोमवार
पाहिलं तर शेवट गोडच झाला. माणूस कबूल झाला, पोरीचं ठरलं, सगळे चहा प्यायले. अगदी तशीच कादंबरी. पिशवी सुलोचनेला देऊन टाकली. संकल्प: यापुढे कोणाच्या घराविषयी विचारलं तरी बोलायचं नाही. आजपासून.

२३ नोव्हेंबर, रविवार. ज्योत्सनाचं साक्षगंध
मांडव, माणसं, बँड. गोमाजींनी पत्रिका स्वतः आणून दिली होती, दारातूनच. मी सुलोचनेसोबत गेलो आणि पहिल्या पंगतीत कोपऱ्यातली जागा घेतली. ज्योत्सना शेजारच्या ओट्यावर बसली होती, ओटी भरणं चालू होतं. हिरव्या शालूत पोर ओळखू येईना.

दिघोरीची एक म्हातारी आत्या कुंकू लावायला पुढे आली. फार मायाळू. पोरीच्या गालावरून हात फिरवला, आणि वय झालेलं असल्यामुळे मोठ्यानंच म्हणाली, "तुमसरवाल्याचं मनात नको धरजो, बाई. मोडलं ते चांगलं झालं. आमचं पोरगं चांगलं हाय."

तुमसर. बैठकीत मी खोटं कबूल केलं ते खोलीत राहिलं, आणि तुमसर गावभर फिरत दिघोरीहून परत आलं. आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. एकीनं दुसरीच्या कानात विचारलं, आधी ठरलं होतं काय?

ज्योत्सनानं वर बघितलं. आत्याकडे नाही, सरळ पंगतीकडे, माझ्याकडे. मग मान खाली घातली. म्हणाली, "हो, आत्याजी." नाही म्हटलं असतं तर ओटी तिथंच अडली असती.

मी उठून खरं सांगणार होतो. खरंच उठणार होतो. हात पत्रावळीवरून उचललाही होता. पण भरल्या पंगतीतून मध्येच उठलं की शेजारच्याचाही घास अडतो, हे लहानपणापासून अंगात आहे.

वाढप्यानं बुंदी आणली. नको म्हणालो नाही.